मालकाच्या रकान्यात मामाचं नाव

वकिलांच्या टेबलावरचा तो कागद माझ्या बाजूनं उलटा दिसत होता, तरी मी ओळखला. शाळेत असताना मला एक खोड होती. आधी या समासापासून त्या समासापर्यंत शिरोरेघ मारून घ्यायची आणि मग तिच्याखाली अक्षरं टांगायची, दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी. गुरुजींनी त्यासाठी बोटांवर छडी दिली, पण खोड गेली नाही. त्या कागदावरही प्रत्येक रेघ शब्द संपल्यानंतर तशीच पुढे कोरी निघून गेली होती.

"समोरच्या पार्टीनं माहितीच्या अधिकारात काढलाय," वकील म्हणाले. "तुमच्या वडिलांचा ग्रामपंचायतीला अर्ज. खाली अंगठा आहे. सारा केस इसी पे टिका है, ताई. लिहिला कोणी असेल?"

"काय माहीत," मी म्हणाले.

मी एसटीत कंडक्टर आहे. बारा वर्षांच्या पोराला पाच वर्षांचा सांगणाऱ्या आया आणि मागच्या स्टॉपवर चढून पुढच्या स्टॉपपासूनचं तिकीट मागणारे सज्जन मी रोज पाहते. खोटं बोलणाऱ्याचं तोंड मला लांबून कळतं. त्यामुळे त्या क्षणी माझं तोंड कसं दिसत असेल याची मला धास्ती वाटली आणि मी पाणी मागितलं. वकील मात्र कागदच पाहत होते. "माहीत नाही हेच बरं आहे," ते म्हणाले, आणि तिथून पुढची चार वर्षं मी घाबरत काढली.

या अर्जाचं सांगायचं तर आधी घराचं सांगावं लागेल. घर गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका खेड्यात, तलावाच्या पाळीपासून थोडं आत. मातीच्या भिंती, वर कवेलू, पुढे ओसरी आणि मागे चुलीची खोली. ते माझ्या आईच्या बापाचं, म्हणजे माझ्या आजाचं. आजाला मूल एकच, माझी आई. आम्ही गोंड. ज्याच्या घरी मुलगा नाही तो आमच्यात लमसेना ठेवतो. म्हणजे होणारा जावई आधीच सासऱ्याच्या घरी येऊन राहतो, दोन-तीन वर्षं शेतात राबतो, आणि गडी कामाचा निघाला तर मुलगी देतात. माझा बाप आमच्याच तालुक्यातल्या प्रतापगडाच्या बाजूच्या एका गावातून एक कुऱ्हाड आणि एक घोंगडी घेऊन असा आला आणि इथलाच झाला. शाळेत पोरं मला "लमसेन्याची पोट्टी" म्हणून चिडवायची. मी त्यांना दगड मारायची. नेम चांगला होता माझा.

पण बाप कितीही राबला तरी तो आईच्या कुळाचा नव्हता. चुलीच्या खोलीत एका कोपऱ्यात आमचे पुरखे बसतात. तिथे मूर्ती नाही की फोटो नाही. शेणामातीनं सारवलेला लहानसा ओटा, एक मडकं आणि एक दिवा, एवढंच. आईच्या कुळातलं माणूस मेलं की विधी करून त्याला तिथे आणून बसवतात आणि मग ते घरातच राहतं. त्यांना खाऊ घालायचं ते कुळातल्या पुरुषानं. जावयाचं तिथे काम नाही. बाप त्या कोपऱ्याकडे पाय करून कधी निजला नाही, आणि सरपण आत आणायचं तर तिकडून वळसा घालून आणायचा. आजा होता तोवर आजा नैवेद्य दाखवायचा. तो गेल्यावर हे काम आजाच्या पुतण्याकडे गेलं. तो आईचा चुलत भाऊ, आईपेक्षा लहान, माझा मामा. त्याचं घर त्याच गावात, चार घरं सोडून.

आजा गेला त्या वर्षी ग्रामपंचायतीच्या सचिवानं बापाला बोलावलं. घरांच्या नोंदवहीत, ज्याला नमुना आठ म्हणतात त्यात, आता कोणाचं नाव टाकायचं? दोन रकाने असतात. एक मालकाचा आणि एक भोगवटादाराचा, म्हणजे प्रत्यक्ष राहतो त्याचा. सचिव म्हणाला, दोन्हीकडे तुझंच टाकतो. दुसरा कोणी असता तर हो म्हणून चहा पिऊन आला असता. माझ्या बापानं दोन दिवस मागितले.

तिसऱ्या दिवशी त्यानं मला ओसरीत बसवलं. मी दहावीला होते आणि शाळेत नुकतंच पत्रलेखन शिकवून झालं होतं. "लिव," बाप म्हणाला. "घराचे मालक म्हणून माझ्या साळ्याचं नाव टाकाव. राहणारा म्हणून माझं, न माझ्यामागं माझ्या बाईचं." मामा तिथेच बाजेवर बसून तंबाखू चोळत होता. "कायले भाऊजी? तुमचंच टाका न," असं तो एकदा म्हणाला. बाप म्हणाला, "आत बसले त्याईच्या डोक्यावर परक्या कुळाचं नाव चढवू काय?" मामानं तंबाखू तोंडात टाकली. मी रेघा मारल्या, "सविनय अर्ज करण्यात येतो की" असं मोठ्या तोऱ्यात लिहिलं, आणि बापानं खाली अंगठा उठवला. अर्ज किती शुद्ध झालाय हे मी दोनदा वाचून दाखवलं.

ज्याचे पुरखे घरात बसले त्याचंच नाव मालकाच्या जागी पाहिजे, असा बापाचा हिशेब. सरकारचा हिशेब वेगळा असतो हे त्याला सांगणारं कोणी नव्हतं, आणि कोणी सांगितलं असतं तरी त्यानं ऐकलं नसतं. लोक याला भोळेपणा म्हणतात. मी वेडेपणा म्हणते. बापाला वेडा म्हणायचा हक्क लेकीला असतो. त्यानंतर तीस वर्षं तो कागद कोणी पाहिला नाही. बाप गेला, मी लग्न होऊन गोंदियाला फुलचूरला राहायला गेले, आई एकटी त्या घरात राहिली. मामा दर वर्षी नव्या तांदळाचा नैवेद्य दाखवायला येत राहिला.

एका पावसाळ्यात मागची भिंत बसली. आईनं घरकुलासाठी अर्ज केला आणि तो मंजूर झाला. मग ग्रामसेवकानं नमुना आठ काढला आणि म्हणाला, "आजी, मालक तुम्ही नाही." आम्ही मामाकडे संमतीची सही मागायला गेलो. मामा सही करायला पेन शोधायलाही उठला होता. त्याचा मुलगा, तिशीचा, गोंदियात मोबाईलचं दुकान चालवणारा, त्या दिवशी घरी आलेला होता. त्यानं तो उतारा हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, "बाबा, थांबा जरा." दोन महिन्यांनी नोटीस आली.

नोटिशीत काय होतं ते मी आईला निम्मंच वाचून दाखवलं. मुलीला आमच्या जातीच्या रिवाजानं घर मिळत नाही, घर कुळाचं आणि कुळातला जवळचा पुरुष मामा, सरकारी नोंदीतही मालक मामाच, आई इतकी वर्षं त्याच्या परवानगीनं राहत होती, आता परवानगी संपली, घर खाली करा. मी वाचलं, "काही वाद आहे म्हणते." आई म्हणाली, "मले काढतील काय?" मी म्हणाले, "नाही." ती माझ्याकडे पाहत राहिली. तिला वाचता येत नाही, पण माझं तोंड तिला वाचता येतं.

त्या दिवसापासून आई घराबाहेर पडेनाशी झाली. बाजाराला नाही, लग्नाला नाही, कोणाच्या मौतीलाही नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झालेला होता. मी गोंदियाला दवाखान्यात तारीख घेतली, न्यायला गाडी घेऊन गेले. ती ओसरीच्या खांबाला धरून बसली. "मी गेली न त्यानं कुलूप ठोकलं त?" मी चिडले. म्हटलं, आंधळी झालीस तर घर काय चाटायचं आहे? ती म्हणाली, "आंधळी झाली तरी घरात चालता येते मले. बाहेर नाही येत." मी रिकामी गाडी घेऊन परत आले. वाटेत रडले आणि ड्रायव्हरनं विचारलं तर धुळीचं नाव सांगितलं.

मलाही काही कमी भीती नव्हती. रोज सकाळी ड्यूटीवर जायच्या आधी आईला फोन लावायचा आणि तिचा आवाज ऐकूनच घरातून निघायचं. गावाकडून अनोळखी नंबर आला की हातातलं मशीन चुकीचं तिकीट काढायचं. एकदा आईनं सांगितलं, दोन माणसं टेप घेऊन आली आणि घर मोजून गेली. कोण होती, कोणाची, काही नाही. मी रजा टाकून धावत गेले. ती माणसं रस्त्याच्या कामाची होती, गावातली सगळीच घरं मोजत होती. हे कळल्यावरही मी त्या रात्री आईजवळच राहिले.

आणि या सगळ्याच्या तळाशी तो अर्ज. वकिलांनी मला नीट समजावलं होतं. ग्रामपंचायतीची नोंद म्हणजे मालकी नव्हे, ती करापुरती असते, तो मुद्दा आपल्या बाजूचा. वडील लमसेना होते, मुलासारखे ठेवले होते, तोही आपला. फक्त हा अर्ज वाईट. "अनपढ माणूस होता, कोणीतरी काहीतरी लिहिलं, त्याला काय लिहिलं ते कळलं नाही, अंगठा घेतला. असं दाखवलं तर अर्जात दम राहत नाही. पण लिहिणारा उभा राहून म्हणाला, की त्यांनी समजून-उमजून सांगितलं, तर खतम." म्हणजे माझ्या "काय माहीत"वर आता आमची बाजू उभी होती. नंतर खरं सांगावं असं शंभरदा मनात आलं. प्रत्येक तारखेला वाटायचं, आज सांगू. मग वकील म्हणायचे, आपलं चांगलं चाललंय, आणि मी गप्प बसायची. आईलाही सांगितलं नाही. तिला अजून एक भीती कशाला द्यायची, असं मी स्वतःला सांगायची. खरं म्हणजे आपल्या हातानं आईचं घर गेलं, हे मला तिच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

मग भादव्यात नवं खाण्याचा दिवस आला. नवा तांदूळ आधी पुरख्यांना, मग घरातल्यांना, असा नेम. वकिलांनी बजावून ठेवलं होतं, की केस चालू आहे तोवर मामाला घरात पाय ठेवू देऊ नका. मी रजा घेऊन गेले आणि आईला सांगितलं, "या वर्षी दार उघडायचं नाही."

"मग त्याईले कोण देईल?" आईनं कोपऱ्याकडे हात केला.

"तू दे."

"मी बाई माणूस. मी कशी देऊ?"

"एक वर्ष राहतील उपाशी. मेलेलेच आहेत न!"

आईनं माझ्या तोंडावर हात ठेवला. जोरात. तिच्या हाताला हळदीचा वास येत होता. मी चाळिशी ओलांडलेली बाई, तीन पोरांची आई, आणि लहान पोरीसारखी गप्प झाले.

मामा आंघोळ करून ओल्या धोतरानं आला. हातात पळसाच्या पानात नवा तांदूळ. दारात थांबला, आईकडे पाहिलं. आई बाजूला झाली. तो सरळ आत गेला, कोपऱ्यासमोर बसला, दिवा लावला, मोहाच्या दारूची धार सोडली. आई त्याच्या मागे, डोक्यावर पदर घेऊन. दोघं गोंडीत बोलत होते, मला अर्धंमुर्धं कळतं. तो एकेका मेलेल्याचं नाव घेत होता आणि जिथे अडखळत होता तिथे आई पुरवत होती. कोर्टात एकमेकांविरुद्ध उभी असलेली ही दोन माणसं. माझ्या अंगावर काटा आला, पण भक्तीनं नाही. त्याच्यामागून त्याचा मुलगा आत आला होता आणि मोबाईल धरून हळूहळू फिरत होता. आधी छत, मग पडलेली भिंत, मग दारं, मग चूल.

मी त्याच्यासमोर उभी राहिले. "फोन खाली कर."

"पूजेचा व्हिडिओ काढून राहिलो, ताई," तो हसून म्हणाला. "कायले भेता?"

मला त्याच्या कानाखाली ओढायची होती. पण मामा आत नावं घेत होता. मी नुसती दारात उभी राहिले. त्या दोघांना आईनं जेवायला वाढलं. मामा पानावर मान खाली घालून जेवला आणि जाताना आईच्या पाया पडला. दर वर्षीच पडतो, ती मोठी म्हणून.

पुढच्या तारखेला त्या व्हिडिओतले फोटो कोर्टात लागले. वादी आजही घराचा देव्हारा सांभाळतो, त्याला घरात येण्यापासून कोणी अडवत नाही, सबब घर त्याच्याच ताब्यात आहे. आमचे वकील कपाळाला हात लावून बसले. "आपने खुद दरवाजा खोला, माताजी!" ते फोनवरून आईला म्हणाले. आईला त्यात काय चुकलं तेच कळेना. तिनं मला विचारलं, "मग काय बंद ठेवाचा होता?" बाप तसा, आई अशी. या घराचा शत्रू घरातच आहे, असं माझ्या मनात आलं आणि लगेच त्या अर्जावरच्या रेघा डोळ्यासमोर आल्या.

साक्षीचा दिवस आला तेव्हा गावातून कोर्टाच्या वेळेला पोचवणारी बस एकच होती. आई, मी, मामा आणि त्याचा मुलगा, सगळे तिच्यातच; कुलूप ठोकणारेच सोबत होते, म्हणून आई घर सोडायला तयार झाली. कंडक्टर माझ्या ओळखीची. तिनं विचारलं, "सगळं खटलं कुठं निघालं?" आम्ही चौघंही खिडकीबाहेर पाहायला लागलो.

कोर्टाच्या व्हरांड्यात शिपायानं पुकारा केला तेव्हा मला माझंच नाव दुसऱ्या कोणाचं वाटलं. आत न्यायाधीश एक तरुण बाई होत्या, माझ्या मोठ्या मुलीपेक्षा फार मोठ्या नसतील. मी दोन नंबरची प्रतिवादी. आमच्या वकिलांनी आधी मला उभं केलं. खरं सांगेन, अशी शपथ घेतली. समोरच्या वकिलानं इकडचं तिकडचं विचारलं, घर कोण सारवतं, कर कोण भरतं. मग त्यानं तो अर्ज माझ्या हातात दिला.

"हे हस्ताक्षर तुमचं आहे, बरोबर?"

मामानं सांगितल्याशिवाय तो हे विचारणार नव्हता. मामा बाजेवर बसला होता न त्या दिवशी. मी त्याच्याकडे पाहिलं. तो माझ्याकडे पाहत होता, मग त्यानं मान खाली घातली. मागच्या बाकावर आई बसली होती, एक हात कानामागे धरून.

"नाही," मी म्हणाले.

"नक्की?"

"नाही माझं."

त्यानं न्यायाधीशांना काही सांगितलं. त्यांनी परवानगी दिली. एक कोरा कागद आला आणि मला अर्जातल्या दोन ओळी लिहायला सांगितल्या. "सविनय अर्ज करण्यात येतो की". जन्मात पहिल्यांदा मी अक्षरं आधी काढली आणि रेघ नंतर मारली. घामानं कागद बोटांना चिकटत होता. अक्षरं दारू पिऊन आल्यासारखी निघाली. न्यायाधीशांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, बराच वेळ पाहिलं आणि टायपिस्टला काहीतरी सांगितलं. मी पिंजऱ्यातून उतरले तेव्हा आमचे वकील हळूच म्हणाले, "बढिया." मी बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं.

जेवणाच्या सुट्टीनंतर आईचा नंबर. तिला दोन्हीकडून धरून नेलं, कारण पायरी तिला दिसली नाही. वकिलांनी तिला एकच वाक्य शिकवलेलं होतं, मले मालूम नाही. कोणी अर्जाचं विचारलं की एवढंच म्हणायचं. आठ दिवस ती ते घोकत होती.

समोरच्या वकिलानं अर्ज वर धरला. "आजी, हा अर्ज कोणी लिहिला, तुम्हाला माहीत आहे?"

आईनं आवाजाच्या दिशेनं मान वळवली. मग तिनं विचारलं, "माझी पोरगी नाही म्हणाली काय?"

"आजी, विचारलं तेवढंच सांगा," न्यायाधीश म्हणाल्या.

"तिनंच लिवला," आई म्हणाली. "मी चुलीपाशी होती. बाप सांगत गेला, हे लिवत गेली. दोनदा वाचून दाखवला तिनं. भेव लागलं तिले बाई, म्हणून नाही म्हणाली. तुमी तिच्यावर केस नोका करू."

माझ्या पाठीवरून घामाचा एक थेंब खाली गेला, तो मला अजून आठवतो. आमचे वकील उठायला लागले, मग बसले. समोरचा वकील मात्र आता सावकाश झाला होता. पुढचा प्रश्न कोणता ते मला कळलं, त्याच्याही आधी. मी मनात म्हणत होते, आई, नाही म्हण. एवढं एक नाही म्हण.

"तुमच्या नवऱ्याला त्यात काय लिहिलंय ते समजत होतं?"

"सारं समजे. तो काही येडा नोहता," आई म्हणाली. "आणिक त्यानं नाही, मीच म्हटलं होतं त्याले. दोन दिवस तो म्हणे, तुझं नाव टाकतो. मी म्हटलं, भावाचं टाक. माझे मायबाप आत बसून आहेत, त्याईले मी कशी देणार? ज्याचं नाव आहे तो तरी येईल द्याले. नाही त कोण येते मेल्या माणसाईच्या घरी?"

तीस वर्षं मी बापाला वेडा म्हणत होते.

टायपिस्ट थांबला होता. न्यायाधीशांनी आईचं बोलणं स्वतःच्या शब्दांत एकेक वाक्य करून त्याला सांगितलं. मग त्यांनी मला पुन्हा पिंजऱ्यात बोलावलं आणि शांतपणे म्हणाल्या, की शपथेवर खोटं बोलणं हा गुन्हा आहे, तुम्हाला सकाळच्या जबाबात काही दुरुस्ती करायची आहे का. आई अजून कठड्याला धरून तिथेच बाजूला उभी होती, कारण तिला कोणी खाली उतरवलं नव्हतं. आम्ही दोघी एकाच कठड्याशी, खांद्याला खांदा.

"अक्षर माझं आहे," मी म्हणाले. "बाबांनी सांगितलं तसंच मी लिहिलं."

पुढची तारीख मिळाली. व्हरांड्यात वकिलांनी फाईल काखेत मारली आणि आईला म्हणाले, "माताजी, आज तुम्ही घर घालवलं." रागानं नाही म्हणाले, थकून म्हणाले. मामा चार पावलांवर उभा होता. त्याचा मुलगा त्याला चला चला म्हणत होता आणि तो हलत नव्हता. आईला तो दिसत नव्हता. मी तिला बाकावर बसवलं.

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "कधीपासून भेऊन राहिली तू?"

"चार वर्षं."

"त्या कागदासाठी?"

"हो."

"मले काऊन नाही विचारलं?" तिचा आवाज एकदम वर गेला, आणि बाजूच्या बाकावरचे लोक पाहायला लागले. "मी घरात भेत बसली, तू तिकडं भेत बसली. चार वर्षं, माय! एकदा विचारलं असतं त सांगितलं असतं न, मीच लिवाले लावलं म्हणून!"

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि सगळ्या कोर्टासमोर रडले. घर राहतं की जातं, ते अजून ठरायचं आहे. वकिलांना विचारलं तर ते दुसऱ्याच केसचं बोलतात. त्या दिवशी मात्र मला घर आठवलं नाही. आईनं चार वर्षं खांब धरून काढली होती, आणि एक प्रश्न विचारून मी तिच्या शेजारी जाऊन बसू शकले असते.